रोग्याची संमति

खेळतांना ज्याचा गुडघा कधीं फुटला नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. जखम होते, रक्त येतें, आपण ती नळाखालीं धरतों आणि थोड्याच वेळांत रक्त आपोआप थांबतें. दुसऱ्या दिवशीं खपली धरते व आठवड्यानें आपण ती गोष्ट विसरूनही जातों. ही क्रिया इतकी नित्याची आहे कीं, तिच्यामागें केवढी योजना असेल याचा विचारही आपल्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या मुलाच्या शरीरांत ही योजना अपुरी असते, त्याला व त्याच्या आईबापांना तिची आठवण दररोज होत असते. त्या मुलाच्या रोगास हिमोफिलिया असें म्हणतात. या रोगावर निघालेल्या एका गुणकारी औषधानेंच हजारों रोग्यांचा घात कसा झाला, आणि तें औषध देण्यापूर्वीं त्या रोग्यांना कोणीं कांहीं सांगितलें अथवा विचारलें होतें काय, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप समजून घेऊं. रक्त गोठण्याचें काम रक्तांतील निरनिराळे घटक एकामागून एक करीत असतात. शास्त्रज्ञांनीं त्यांना क्रमांक दिले आहेत. आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी करून हातोहात बादल्या पोंचवाव्या, तसें हें काम चालतें. एक घटक दुसऱ्यास जागा करतो, दुसरा तिसऱ्यास, आणि शेवटीं जखमेवर बारीक तंतूंचें जाळें विणलें जातें. रांगेंतील एकच माणूस गैरहजर असला तर बादल्या तेथेंच अडतात. आठव्या घटकाची उणीव असली तर त्या रोगास हिमोफिलिया ए व नवव्याची असली तर हिमोफिलिया बी म्हणतात. पहिला प्रकार सुमारें पांच हजार मुलग्यांमागें एकास होतो. दुसरा त्याहून विरळा आहे. या रोग्यांचें रक्त इतरांपेक्षां जोरानें वाहतें ही समजूत चुकीची आहे. तें जोरानें वाहत नाहीं, तें थांबत नाहीं. शिवाय खरा धोका बाहेरच्या जखमेपेक्षां आंतल्या रक्तस्रावाचा असतो. गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत रक्त सांठतें, असह्य वेदना होतात, आणि असें वारंवार होऊन तरुणपणींच सांधे आंखडून जातात. मेंदूंत रक्तस्राव झाला तर प्राणावरच बेततें.

हा रोग बहुधा आईकडून मुलग्याकडे येतो. आई स्वतः निरोगी दिसते. परंतु तिच्या दोन क्ष गुणसूत्रांपैकीं एकावर हा दोष असतो, आणि तिच्या प्रत्येक मुलग्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून कित्येक घरांत सुनेला बोल लावला जातो. ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे. गुणसूत्र कोणी आपल्या इच्छेनें निवडीत नाहीं. आणि सुमारें एकतृतीयांश रोग्यांच्या कुळांत तर पूर्वीं हा रोग कोणासच झालेला नसतो. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या घराण्यांतही हा रोग होता. तिचा पुत्र लिओपोल्ड १८८४ सालीं पडल्याचें निमित्त होऊन मरण पावला. सारांश, राजवाडा असो कीं झोंपडी असो, हा रोग भेद करीत नाहीं.

१९५२ सालीं इंग्लंडांतील डॉक्टरांनीं हिमोफिलिया बी हा निराळा रोग असल्याचें दाखवून दिलें आणि ज्या पांच वर्षांच्या मुलाच्या रक्तावरून हा शोध लागला त्याचेंच नांव त्या रोगास दिलें. त्या मुलाचें नांव स्टीफन ख्रिसमस. योगायोग असा कीं, तो निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळच्या अंकांतच प्रसिद्ध झाला. या मुलाचें पुढें काय झालें तें यथाक्रम सांगूं.

त्या काळीं या रोगावर उपाय म्हणजे दुसऱ्याचें रक्त अथवा रक्तद्रव शिरेवाटे देणें एवढाच होता. रक्तांतील पेशी वेगळ्या केल्या असतां जो पिंवळसर द्रव उरतो त्यास रक्तद्रव म्हणतात, आणि गोठण्याचे घटक त्यांतच असतात. परंतु त्यांत त्यांचें प्रमाण फार थोडें असल्यामुळें रोग्यास रुग्णालयांत दिवसच्या दिवस पडून राहावें लागे. १९६४ सालच्या सुमारास अमेरिकेंतील ज्यूडिथ पूल या विदुषीनें असें दाखविलें कीं, गोठविलेला रक्तद्रव हळूहळू वितळूं दिला तर तळाशीं जो सांका राहतो त्यांत आठवा घटक भरपूर असतो. यास क्रायोप्रेसिपिटेट म्हणतात. यानंतर कारखान्यांतून त्या घटकाची कोरडी पूड निघूं लागली. लहानशी कुपी घरच्या शीतकपाटांत ठेवावी, लागेल तेव्हां पाण्यांत मिसळून टोंचून घ्यावी आणि तासाभरांत कामास लागावें! ज्या मुलांचें बाळपण अंथरुणावर गेलें असतें तीं शाळेंत जाऊं लागलीं, प्रवास करूं लागलीं. हें औषध म्हणजे त्या कुटुंबांस वरदानच वाटलें, आणि तें वाटणें खोटें नव्हतें.

परंतु या वरदानाच्या पोटांत एक मोठा धोका लपलेला होता. ती पूड एका माणसाच्या रक्तद्रवापासून होत नसे. हजारों माणसांचा रक्तद्रव एकत्र करून ती काढीत. हंडाभर दूध विरजावयास चमचाभर विरजण पुरतें, हें आपल्या घरांतील प्रत्येक आईस ठाऊक आहे. त्याचप्रमाणें हजारांतील एका दात्याच्या रक्तांत रोगाचा विषाणु असला तर तेवढ्यानें सारा सांठा दूषित होई. त्यांतून अमेरिकेंतील कारखाने पैसे देऊन रक्तद्रव विकत घेत, तुरुंगांतील कैद्यांकडूनही घेत. पैशाच्या गरजेनें रक्त विकणारा माणूस आपला आजार लपविण्याचा संभव अधिक असतो, हें उघड आहे. या औषधांतून यकृतदाहाचा रोग पसरतो हें १९७० नंतरच्या वर्षांत डॉक्टरांना माहीत होतें. पुढें १९८२ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या आरोग्यखात्यानें तीन हिमोफिलियाच्या रोग्यांना एका नव्या, प्रतिकारशक्ति नष्ट करणाऱ्या रोगाची बाधा झाल्याचें प्रसिद्ध केलें. हाच एड्स. त्याचा विषाणु १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत सांपडला. तोच आज एच्. आय्. व्ही. या नांवानें ओळखला जातो. औषध उष्णता देऊन शुद्ध करण्याची रीति जर्मनींत १९८१ सालींच निघाली होती. परंतु बहुतेक देशांत ती १९८४-८५ पर्यंत रूढ झाली नाहीं. या मधल्या काळांत हजारों रोग्यांच्या शिरांत औषधाबरोबर मृत्यु गेला.

विद्यार्थिमित्रहो, यांपैकीं एक गोष्ट एका शाळेंत घडलेली असल्यामुळें ती तुम्हांस विशेष लागेल. इंग्लंडांतील हॅम्पशायर परगण्यांत अपंग मुलांसाठीं ट्रेलोर नांवाची निवासी शाळा आहे. हिमोफिलियाच्या मुलांस तेथें शिक्षण व उपचार दोन्ही मिळावे म्हणून शाळेच्या आवारांतच सरकारी उपचारकेंद्र होतें. १९७० ते १९८७ या काळांत असे १२२ विद्यार्थी तेथें शिकत होते. त्यांना हें दूषित औषध देण्यांत आलें. इतकेंच नव्हे तर कित्येकांचा उपयोग संशोधनासाठीं करण्यांत आला. धोका काय आहे हें मुलांना नीट सांगितलें नाहीं, आणि आईबापांची संमतिही घेतली नाहीं. आपलें मूल सुरक्षित आहे या विश्वासानें आईबाप त्यास शाळेच्या स्वाधीन करून घरीं जात. पुढें जेव्हां चौकशी झाली तेव्हां त्या १२२ पैकीं सुमारें ३० जणच हयात होते.

ती चौकशी सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या अध्यक्षतेखालीं झाली व तिचा अहवाल २० मे २०२४ रोजीं प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्यें रक्तस्रावाचा विकार असलेल्या सुमारें १,२५० लोकांना एच्. आय्. व्ही. ची बाधा झाली आणि त्यांत सुमारें ३८० मुलें होतीं. शस्त्रक्रिया, बाळंतपण इत्यादि प्रसंगीं रक्त घेतलेले लोक धरून एकंदर तीन हजारांहून अधिक मृत्यु दूषित रक्तामुळें व रक्तजन्य औषधांमुळें झाले असें चौकशींत आढळलें. ही गोष्ट केवळ अपघातानें घडली नाहीं, ती बहुतांशीं टाळतां आली असती, आणि नंतर सत्य लपविण्यांत आलें, असा या अहवालाचा स्पष्ट निष्कर्ष आहे. त्याच दिवशीं ब्रिटनच्या प्रधानमंत्र्यांनीं पार्लमेंटांत राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली. जपानांतही असेंच घडलें. तेथील सरकारी कागदपत्रें दडवून ठेवलेलीं होतीं. तीं उजेडांत आल्यावर १९९६ सालीं आरोग्यमंत्र्यांनीं रोग्यांची क्षमा मागितली. आणि ज्याच्या नांवानें हिमोफिलिया बी ओळखला जातो तो स्टीफन ख्रिसमस? कॅनडांत राहणारा हा गृहस्थ दूषित रक्तांतूनच एच्. आय्. व्ही. ची बाधा होऊन १९९३ सालीं मरण पावला. ज्याच्या रक्तानें विज्ञानास इतकें शिकविलें त्यासही हें प्राक्तन चुकलें नाहीं.

येथें कोणी शंका घेईल कीं, रोग्यांना सर्व सांगितलें असतें तरी काय उपयोग होता? औषध न घ्यावें तर रक्तस्रावानें मरण, घ्यावें तर विषाणूनें! ही शंका वरवर बरोबर वाटते. परंतु ती खरी नाहीं. ज्यांचा रोग सौम्य होता त्यांना थोड्या दात्यांपासून केलेलें क्रायोप्रेसिपिटेट पुरलें असतें. कांहींना रक्तापासून न बनविलेलें दुसरें औषधही चाललें असतें. तांतडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढें ढकलतां आली असती. ज्यांना बाधा झाली होती त्यांना तें वेळींच सांगितलें असतें तर त्यांच्या पत्नी तरी वांचल्या असत्या. कारण तपासणीचा निकाल उशिरां कळल्यामुळें कित्येक घरांत हा रोग पतीकडून पत्नीकडे गेला. आणि समजा, यांपैकीं एकही मार्ग उघडा नसता, तरीसुद्धां कोणता धोका पत्करावयाचा हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा जीव त्याचाच होता. तो अधिकार दुसऱ्यानें, मग तो कितीही विद्वान् असो, परस्पर वापरणें हा अन्यायच होय. विषाणु निसर्गानें निर्माण केला. मौन मात्र माणसांनीं केलें.

हें सर्व दूरदेशचें आहे असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. १९८९ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं एक गंभीर गोष्ट लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत जाहीर केली. पुण्यांत पैसे घेऊन रक्तद्रव विकणाऱ्या लोकांत एच्. आय्. व्ही. ची साथ पसरलेली त्यांना आढळली होती. रक्तद्रव विकणाऱ्याचें रक्त काढून, द्रव ठेवून घेऊन, तांबड्या पेशी त्यास परत देतात. या कामांत सुया व उपकरणें स्वच्छ नसलीं तर एकाचा रोग दुसऱ्यास लागतो, आणि त्यांचा द्रव जेथें जाईल तेथें तो रोग जातो. म्हणजे येथें विकणारा गरीब मनुष्य व विकत घेणारा रोगी हे दोघेही अज्ञानांतच फसले जातात. मधल्या व्यापाऱ्यास तेवढा नफा होतो.

आपल्याकडे गोठण्याच्या घटकाची पूड इतकी महाग होती कीं, बहुतेक रोग्यांना रक्त, रक्तद्रव व क्रायोप्रेसिपिटेट यांवरच भागवावें लागे. त्यामुळें एच्. आय्. व्ही. चा प्रादुर्भाव पाश्चात्त्य देशांपेक्षां कमी झाला; परंतु अजिबात चुकला नाहीं. मुंबईस परळच्या के. ई. एम्. रुग्णालयाच्या आवारांत रक्तशास्त्राची एक राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या वाशी-नेरूळकडील हिमोफिलियाच्या मुलाचे आईबाप हार्बर गाडीनें कुर्ल्यास उतरून, गाडी बदलून जेथें जातात तेंच हें ठिकाण. तेथील संशोधकांनीं वारंवार रक्त घ्यावें लागलेल्या ४०० हिमोफिलियाच्या रोग्यांची तपासणी केली व तिचा निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें शेंकडा चार रोग्यांना एच्. आय्. व्ही., शेंकडा सहांना हिपॅटायटिस बी आणि जवळ जवळ चारांतील एकास हिपॅटायटिस सी ची बाधा झालेली आढळली. हे रोगी पश्चिम भारतांतले, म्हणजे आपल्याच आसपासचे होते.

हळूहळू कायद्यानें पावलें टाकलीं. भारतांत रक्ताची एच्. आय्. व्ही. साठीं तपासणी १९८९ सालीं सक्तीची झाली, व हिपॅटायटिस सी साठीं २००१ सालीं. ४ जानेवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कॉमन कॉज या संस्थेच्या अर्जावर निकाल देऊन परवान्यावांचून चालणाऱ्या रक्तपेढ्या व रक्ताची विक्री बंद करण्याचा आदेश दिला. २००८ सालीं त्याच न्यायालयानें डॉक्टरानें रोग्यास पुरेशी माहिती देऊनच त्याची संमति घेतली पाहिजे असें सविस्तर सांगितलें. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत हिमोफिलियाचा समावेश झाला. २०१७ चा एच्. आय्. व्ही. व एड्स विषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला असून, रोग्याच्या संमतीवांचून त्याची ही तपासणी करूं नये असा त्याचा नियम आहे. तरीही सावधपणा सोडून चालणार नाहीं. २०१६ सालीं मुंबईचे चेतन कोठारी यांनीं माहितीच्या अधिकाराखालीं विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळालें तें असें कीं, सतरा महिन्यांत २,२३४ लोकांनीं आपणांस ही बाधा रक्त घेतल्यामुळें झाल्याचें समुपदेशकांस सांगितलें होतें.

दुसऱ्या बाजूनें विज्ञानानेंही आपली चूक सुधारली आहे. रक्तद्रवापासून औषधें करतांना आतां उष्णतेनें व रसायनांनीं विषाणु नष्ट करितात. आपल्या नवी मुंबईंत रबाळे येथें रक्तद्रवाचे घटक वेगळे करून औषधें बनविण्याचा कारखाना आहे, ही गोष्ट आपल्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. १९९२ सालापासून तर मानवी रक्तावांचून प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींकडून हा घटक करून घेण्याची युक्तिही निघाली. आज हिमोफिलियाच्या मुलास योग्य वेळीं उपचार मिळाले तर तो इतरांप्रमाणें शिकूं शकतो. मागची कथा सांगण्याचा हेतु औषधाविषयीं भीति उत्पन्न करण्याचा नाहीं. भिऊन उपचार टाळणारा रोगी आज निश्चित नुकसान करून घेईल.

मग हेतु कोणता? संमति म्हणजे काय हें आपण नीट समजून घ्यावें, हा. रुग्णालयांत दाखल होतांना घाईघाईनें केलेली सही म्हणजे संमति नव्हे. हें औषध काय आहे, त्यापासून लाभ कोणता, धोका कोणता, त्याऐवजीं दुसरें कांहीं आहे काय, आणि कांहींच न केलें तर काय होईल, इतक्या गोष्टी रोग्यास त्याच्या भाषेंत सांगून, त्यास समजल्या आहेत अशी खात्री करून घेऊन, दडपण न आणतां तो जें "होय" म्हणतो ती संमति. उपचाराबरोबर संशोधनही चालणार असेल तर तें निराळें सांगितलें पाहिजे. रोगी अल्पवयी असेल तर आईबापांची संमति घ्यावी. परंतु मुलासही त्याच्या वयास झेपेल तितकें सांगावें, कारण सुई त्याच्याच हातास टोंचावयाची असते.

आपल्याकडे डॉक्टरांस देव मानण्याची रीत आहे आणि त्यांना प्रश्न विचारणें म्हणजे उद्धटपणा अशी समजूत आहे. आदर असावा, तो त्यांच्या विद्येस व कष्टांस योग्यच आहे. परंतु नम्रपणें विचारलेला प्रश्न आदराच्या आड येत नाहीं. "रोग्यास काय कळतें?" असें म्हणणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, न कळणाऱ्यास कळेल असें सांगणें हाच विद्वत्तेचा कस आहे. "खरें सांगितलें तर तो घाबरेल" असें म्हणणाऱ्यानें ट्रेलोरच्या मुलांस आठवावें. खरें ऐकून मनुष्य कांहीं दिवस घाबरतो; फसविला गेल्याचें कळलें म्हणजे त्याचा विश्वास जन्माचा उडतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुलाबाळांचाही.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण दरवर्षीं ऐकतों. वाटेवर जखमी पडलेल्या परक्या मनुष्याच्या जखमा त्यानें बांधल्या, एवढेंच आपल्या लक्षांत राहतें. परंतु त्यानें त्यास उताराशाळेंत नेऊन ठेविलें, आणि अधिक खर्च लागला तर परत येईन तेव्हां देईन असें सांगून त्याची पुढचीही जबाबदारी पत्करली, हेंही त्या गोष्टींत आहे. जखम बांधून निघून जाणें म्हणजे सेवा पुरी होत नाहीं. पुढें जें होईल त्याचा जाब देण्याची तयारी ही सेवेचाच भाग आहे. आपल्यांपैकीं कांहीं विद्यार्थी उद्यां डॉक्टर होतील, कांहीं परिचारिका, कांहीं औषधांच्या कारखान्यांत काम करतील; आणि अठरा वर्षें पुरीं झाल्यावर पुष्कळ जण शिबिरांत रक्तदान करतील. दात्यानें प्रश्नपत्रिकेंत आपल्या प्रकृतीविषयीं खरें लिहावें, रक्तपेढीनें खरी तपासणी करावी, डॉक्टरानें रोग्यास खरें सांगावें. या तिघांपैकीं एकानेंही सत्य सोडलें तर त्याचें मोल चौथाच मनुष्य देतो, आणि तो बहुधा अंथरुणावर पडलेला, कोणावर तरी विश्वास टाकलेला असतो.